गॅरेजच्या फरशीखालचा टोर्नेडो-निवारा: दोन हंगामांचा अनुभव

ओक्लाहोमा राज्यातल्या मूर या गावातून 3 मे 1999 आणि 20 मे 2013 या दोन्ही दिवशी सर्वोच्च श्रेणीचे टोर्नेडो गेले, आणि दुसऱ्याने 24 जणांचा बळी घेतला. तळघर इथल्या बहुतेक घरांना नसतेच, तसे ते आमच्याही घराला नाही. इथल्या पहिल्याच मे महिन्यात भोंगा वाजला तेव्हा आम्ही चौघे डोक्यावर गादी धरून खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये बसलो होतो. त्यानंतर महिन्याभरात गॅरेजच्या जमिनीत पोलादी निवारा बसवून घेतला.

बसवण्याचे काम एका दिवसात झाले. करवतीने काँक्रीट कापले, छोट्या यंत्राने लाल चिकणमाती उपसली, सहा माणसे बसतील अशी पोलादी पेटी खड्ड्यात सोडली आणि कडेने काँक्रीट ओतले. सरकते झाकण फरशीच्या पातळीत राहते, त्यामुळे वर गाडी उभी करता येते. ताशी 250 मैलांच्या वाऱ्याचा विचार करून आखलेल्या मानकांनुसार तो बनवला आहे. अशा निवाऱ्यांच्या दारांवर आणि भिंतींवर सुमारे सात किलो वजनाची लाकडी फळी ताशी 100 मैल वेगाने आदळवून चाचणी घेतात, कारण टोर्नेडोत नुसत्या वाऱ्यापेक्षा वाऱ्यासोबत उडत येणाऱ्या वस्तूच अधिक जीव घेतात. पेटीच्या मजबुतीबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

खरा प्रश्न पेटीपर्यंत पोहोचायला लागणाऱ्या वेळेचा आहे. 2013 मध्ये इशारा दुपारी 2:40 ला दिला गेला आणि टोर्नेडो 2:56 ला जमिनीला टेकला. रायगडच्या नातेवाइकांना हे पटवून देणे अवघड जाते, कारण 2020 चे निसर्ग चक्रीवादळ येणार हे त्यांना आधीपासून ठाऊक होते. आमच्या पहिल्या सरावाला सहा मिनिटे लागली. झाकण गाडीखालून सरकवायचे, मग गाडीखाली वाकून उभ्या शिडीसारख्या पायऱ्या उतरायच्या, हे विक्रेत्याने चित्रफितीत फार सोपे करून दाखवले होते. गुडघे दुखणाऱ्या माझ्या आईने मात्र एकदाच खाली डोकावून पाहिले आणि "मी आपली बाथरूममध्येच बसते," असे सांगून टाकले. तेव्हापासून एप्रिल ते जून गाडी बाहेर उभी राहते आणि गारांचा मार खाते. गाडीच्या टपावरचे पोचे मी या खरेदीच्याच खर्चात धरतो. आता आम्ही दर महिन्याच्या एका शनिवारी, दुपारी बाराला गावचे भोंगे चाचणीसाठी वाजतात तेव्हा, उतरून पाहतो. आईसह दोन मिनिटांच्या आत झाकण बंद होते.

तक्रार आहे ती पाण्याची. पहिल्या मोठ्या पावसानंतर तळाशी घोट्यापर्यंत पाणी साचले. कडेची जोडणी नीट बंद केलेली नव्हती. दुरुस्तीसाठी माणूस यायला ऐन मे महिन्यात चार आठवडे लागले, आणि तोवर आम्ही चार हजार डॉलर मोजून विकत घेतलेली एक विहीर सांभाळत होतो. दुरुस्तीनंतर मात्र दुसऱ्या हंगामात आतला जमिनीचा भाग कोरडाच राहिला.

माहितीपत्रकात न लिहिलेल्या दोन गोष्टी अनुभवाने कळल्या. पोलादी पेटीत झाकण बंद केल्यावर मोबाइल आणि हवामान रेडिओ दोन्ही जवळजवळ मुके होतात, म्हणून धोका किती जवळ आला आहे हे उतरण्यापूर्वीच ऐकून घ्यावे लागते. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती खड्ड्यात उतरते. त्यामुळे गवत कापण्याचे यंत्र आणि पेट्रोलचा डबा आम्ही मागच्या अंगणातल्या खोपटात हलवला. झाकणावर ढिगारा पडला तर ते आतून रेटण्यासाठी जॅक सोबत मिळाला, हे चांगलेच झाले, पण तो कसा वापरायचा हे आम्हाला विचारून घ्यावे लागले. बूट, शिरस्त्राणे, शिट्टी आणि आईची औषधे आता खालच्या बाकाखाली कायम असतात. निवारा घरात नेमका कुठे आहे याची नोंद गावच्या कार्यालयात केली, म्हणजे घर कोसळले तरी बचाव पथकाला शोधावे लागणार नाही.

स्वतःचे घर असणाऱ्या आणि पायऱ्या उतरू शकणाऱ्या कुटुंबाला मी हा निवारा निःसंकोच सुचवीन. घरात चाकांची खुर्ची असेल किंवा कोणाला वाकताच येत नसेल, तर फरशीला बोल्टांनी घट्ट बसवलेली, तेवढ्याच कडक मानकांची जमिनीवरची पोलादी खोली घ्यावी. आमच्या निवाऱ्याला पाचपैकी चार तारे. पाचवा तारा पाण्यासाठी नव्हे, तर पायऱ्यांजवळच्या कठड्यासाठी कापला आहे. तो आम्ही नंतर एका वेल्डरकडून 90 डॉलरना बसवून घेतला, आणि आई आता तोच धरून उतरते.