तांदूळ ओढणारा 'एक आणा'

साडेचार हजार गेले. आणखी वीस हजार जाता जाता राहिले, म्हणून लिहितोय.

यात्रेत एकाने रुमालातून तांब्याचं जाडजूड नाणं काढलं. एका बाजूला रामदरबार, दुसरीकडे इंग्रजीत 'ईस्ट इंडिया कंपनी', 'वन आना', १८१८. "काका, पेशवाई बुडाली त्या सालचं आहे." (मला इतिहासाचं वेड, हे त्याने गप्पांत आधीच काढून घेतलं असणार.) मग पुडीतले तांदूळ तळहातावर ओतले. नाणं जवळ नेताच चार-पाच दाणे टुणकन उडून कडेला चिकटले. एक तर उभाच राहिला. "परदेशी कंपन्या याला कोटी मोजतात. मला घरची अडचण आहे, म्हणून देतोय."

घरी आमच्या आंबेमोहोराने त्या नाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. फोन केला, तर म्हणे नाणं 'झोपलंय', तपासणी करावी लागेल, फी वीस हजार. तेव्हा कुठे डोकं ठिकाणावर आलं. त्याची पुडी माझ्याकडेच राहिली होती. त्या दाण्यांना साधा लोहचुंबक लावला, तर सगळे चिकटले. लोखंडाचा कीस चोपडलेला! नाण्याआड बोटांत चुंबक धरला असणार.

ओळखीच्या एका नाणेसंग्राहकाकडे गेलो. नाणं हातात न घेताच ते हसले. १८१८ साली सगळ्या मुलखात चालणारं कंपनीचं एकच नाणं नव्हतंच. प्रत्येक इलाख्याची नाणी वेगळी. पुण्यात अंकुशी रुपया चालायचा. मुंबई इलाख्याच्या तांब्याच्या पैशावर तराजू असे आणि पारड्यांमध्ये फारसीत 'अदल', म्हणजे न्याय. सगळीकडे एकसारखी नाणी आली ती १८३५च्या कायद्यानंतर, आणि त्यांतही तांब्याची होती ती पई, पाव आणा आणि अर्धा आणा, म्हणजे आपला ढब्बू. अख्खा आणा हिशेबात होता, रुपयाचा सोळावा भाग. पण ब्रिटिश हिंदुस्थानात त्याचं स्वतंत्र नाणं निघालं १९०६च्या नाणेकायद्यानंतर, एडवर्ड सातव्याच्या काळात. तेही तांब्याचं नव्हे, तांबं-निकेलचं.

मी म्हटलं, "पण कंपनीच्या नाण्यांवर देव असायचे ना?" असायचे, मद्रासच्या 'पगोडा' नावाच्या नाण्यांवर. एका बाजूला गोपुर, दुसऱ्या बाजूला विष्णू. पण रामदरबार आणि 'वन आना' हे सगळं अलीकडचं ओतकाम, शेकड्याने मिळतं. कोणी ते लाखाला घ्यायला निघालं, तर त्याला पुढची 'फी' हवी असते, एवढं ओळखा.

पोलिसांत तक्रार दिली. नंबर तेव्हापासून बंद आहे.

लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. ते नाणं मी आजीच्या पत्र्याच्या डबीत जपून ठेवलं होतं. संग्राहकांनी डबी पालथी केली, तर भोकाच्या पैशांच्या खालून पाकळ्यांच्या कडेचं एक मळकट नाणं घरंगळलं. पंचम जॉर्ज, एक आणा.

"हा खरा," ते म्हणाले. "फार काही मिळणार नाही याचे."