एकच घ्यायचं तर कोणतं? ‘फेसाटी’, ‘रिंगाण’, ‘भिन्न’ आणि ‘आयदान’

सांगलीत वाचणाऱ्या माणसांची कमी नाही. कुणाला कळलं की मी बरंच वाचते, की विचारणा ठरलेली असते: अलीकडचं, मराठी, आणि वाचून झाल्यावर दोन दिवस दुसरं काही सुचू नये असं एखादं पुस्तक सांगा. त्यावर मी चार नावं घेते. नवनाथ गोरे यांची ‘फेसाटी’, कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’, कविता महाजन यांची ‘भिन्न’ आणि ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’. पहिल्या तीन कादंबऱ्या, चौथं आत्मकथन. चारही गेल्या पंचवीसेक वर्षांतली. पण चारही एकदम घेऊ नयेत. एक अंगात मुरायच्या आत दुसरं उघडलं की दोन्ही पुस्तकं वाया जातात. म्हणून कुणी कोणतं आधी घ्यावं, ते जरा सविस्तर लिहिते.

माझा कौल ‘रिंगाण’ला आहे. तो का, आणि तरीही काही जणांना मी ते आधी का देत नाही, हे पुढे येईलच.

‘फेसाटी’पासून सुरुवात करते, कारण ती आपल्याच जिल्ह्यातली. लेखक जत तालुक्यातले. कृष्णाकाठच्या माणसाला ऊस, हळद, द्राक्षं ठाऊक असतात. जतचा दुष्काळ त्याला वर्तमानपत्रातून कळतो. एका जिल्ह्यात राहूनही आम्हाला तिकडचं जगणं किती कमी माहीत आहे, हे ‘फेसाटी’ वाचताना पानोपानी जाणवतं. नाथा नावाचा मुलगा, घरची ओढाताण, पावसाची वाट पाहणारी कोरडी जमीन, आणि या सगळ्यातून शिकायची त्याची धडपड. मजुरी करत करत शाळा-कॉलेज गाठणाऱ्या मुलाची गोष्ट मराठीत पहिल्यांदा आलेली नाही. पण इथे सांगणारा गोष्टीच्या बाहेर उभा राहून सांगत नाही. भाषा जतची, कानडीच्या शेजारानं वळण घेतलेली, कुणासाठी साफसूफ न केलेली. आईचं बोलणं, भावांमधली धुसफूस, उसनवारीला गेल्यावरचा ओशाळेपणा हे सगळं या भाषेतून थेट अंगावर येतं. या पहिल्याच कादंबरीला २०१८ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. दोनच वर्षांनी, टाळेबंदीच्या काळात, लेखकावर मजुरीला जायची वेळ आल्याच्या बातम्या छापून आल्या. मी त्या वाचल्या तेव्हा पुस्तक कपाटातून काढून पुन्हा चाळलं. नाथाचं शिक्षण पुरं झालं म्हणजे त्याची वाट मोकळी झाली असं आपण मनात धरून बसलेलो असतो. तसं झालं नव्हतं.

आता उणं काय ते. ‘फेसाटी’त संकटांमागून संकटं येतात. जगणं तसंच असतं हे मान्य, पण वाचणाऱ्याचं मन एका मर्यादेनंतर बधिर होतं. मधल्या भागात मला तसं झालं. पहिल्या चार-पाच प्रसंगांना जो हुंदका येतो तो पुढच्यांना येत नाही, आणि त्यात पुढच्या प्रसंगांचं नुकसान होतं. कथानकाची घट्ट वीण शोधणाऱ्यांना ती इथे सापडणार नाही.

नेमकं इथेच ‘रिंगाण’ वेगळी पडते. तीही खेड्यातली, तीही बोलीतली, तीही उपेक्षितांची. पण खोतांनी सगळा भार एकाच गोष्टीवर टाकला आहे. धरणात गाव गेलं, माणसं उठून दुसरीकडे बसवली गेली, आणि जनावरं मागे राहिली. देवाप्पा त्या जुन्या रानात परत जातो, मागे राहिलेली म्हैस आणायला. म्हैस आता दावणीची उरलेली नाही. माणसाविना रानात राहून, जिवावरच्या धोक्यांना तोंड देऊन ती रानटी झाली आहे. माणूस तिला आपली समजून हाक मारतो आणि ती त्याच्याकडे परक्यासारखी पाहते. एवढ्यावर अख्खी कादंबरी उभी आहे, आणि कुठेही तुटत नाही.

हे पुस्तक मला का लागलं, हे सांगायचं तर २०१९च्या महापुराकडे जावं लागेल. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. बोटी दारापर्यंत आल्या तरी कित्येक जण निघायला तयार नव्हते, कारण गोठ्यात जनावर होतं. सांगलीवाडीला माझ्या आत्याच्या घरी हेच झालं. शेवटी आत्यानं स्वतः गोठ्यात उतरून म्हशीचं दावं सोडायला घेतलं. पाण्यानं दोर फुगलेला, गाठ सुटेना. मग विळा मागून घेतला आणि दावं खुंट्याजवळ कापलं. म्हैस जागची हलेना. आत्यानं तिच्या पुठ्ठ्यावर थाप मारली आणि मागे न बघता बोटीत बसली. पाणी ओसरल्यावर म्हैस सापडली, मळ्याच्या बाजूला, धडधाकट. पण हाकेला ओ देईना, वैरण दाखवली तरी जवळ येईना. आत्या तेव्हा एवढंच म्हणाली, “तिला कळलंय आपण सोडलंय ते.” म्हैस काही दिवसांनी रुळली. तरीही ‘रिंगाण’मधली देवाप्पाची हाक वाचताना मला ते कापलेलं दावंच दिसत होतं.

विस्थापन हा आपल्याकडे पुस्तकी विषय नाही. चांदोली धरणानं आणि पुढे अभयारण्यानं वारणा खोऱ्यातली गावं उठली, कोयनेनं तर त्याच्या आधीच. त्या माणसांच्या वसाहती सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत आहेत. ‘रिंगाण’ अमुक धरणाची असं मी म्हणत नाही. पण सह्याद्रीच्या या बाजूला राहणारा माणूस ती वाचताना स्वतःच्या ओळखीचा एखादा धरणग्रस्त डोळ्यासमोर आणल्याशिवाय राहणार नाही. आणि खोत दया मागत नाहीत, ही मला सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. देवाप्पाची कीव करायला जागाच ठेवलेली नाही. जनावराला आपण काय केलं, हा प्रश्न त्याच्याही मानगुटीवर बसतो आणि आपल्याही. सरकारनं माणसाला उठवलं. माणसानं म्हशीला मागे टाकलं. या दोन गोष्टी शेजारी ठेवायला धाडस लागतं. २०२३ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार या कादंबरीला मिळाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

अडचण भाषेची. पन्हाळ्याच्या डोंगराळ भागाची बोली संवादापुरती नाही, निवेदनातही आहे. मनातलं बोलणं लांबत जातं, गोष्ट सावकाश पुढे सरकते. प्रमाण मराठीतच वाचत आलेल्या शहरी वाचकाला सुरुवातीची पानं जड जातील. शिराळ्याकडच्या माणसाला ती अडचण फारशी येणार नाही. मी एकच उपाय सांगते: पहिलं प्रकरण मोठ्यानं वाचा. कानावर पडलं की शब्द आपोआप उलगडतात. तरीही जमत नसेल तर आधी ‘फेसाटी’ वाचा. तिची बोलीही दाट आहे, पण सांगणं सरळ आहे, आणि तिथे कान तयार झाला की ‘रिंगाण’ अवघड जात नाही.

सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ या यादीत का नाही, असं बरेच जण विचारतात. ती थोर कादंबरी आहे, २००४ चा अकादमी पुरस्कार तिला उगाच मिळालेला नाही, आणि शिकून बेकार राहिलेला एकनाथ विसरता येत नाही. पण ‘फेसाटी’ नुकतीच वाचली असेल तर लगेच ‘बारोमास’ नको. आणि ज्या घरात शेतीच्या कर्जाची टांगती तलवार आज डोक्यावर आहे, तिथे तर मुळीच देऊ नका.

‘भिन्न’कडे वळते. २००७ची ही कादंबरी नवऱ्याकडून एचआयव्हीची लागण झालेल्या रचिताची आहे, आणि तिच्या निमित्तानं भेटणाऱ्या कितीतरी बाया-मुलांची. सांगलीच्या वाचकानं ही टाळू नये असं मला कळकळीनं वाटतं. देशात जिथे ही लागण जास्त होती अशा जिल्ह्यांत एके काळी आपला जिल्हा मोडत होता. त्या वर्षांत तरणीताठी माणसं जायची आणि घरचे ‘टीबीनं गेला’ म्हणायचे. विधवा झालेल्या सुनेकडे ज्या नजरेनं बघितलं जायचं ती मी पाहिली आहे. आणि याच गावात १९९२ पासून ‘संग्राम’ संस्थेचं काम चालू झालं, पुढे वेश्या व्यवसायातल्या बायांनी स्वतःची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी केली, निरोध वाटण्यापासून पोलिसांना जाब विचारण्यापर्यंत सगळं स्वतः केलं. हे ज्याला ठाऊक आहे त्याला ‘भिन्न’मधला संताप वरून चिकटवलेला वाटणार नाही.

तरुण वाचकांनी एक संदर्भ ध्यानात ठेवावा. सरकारी दवाखान्यात या आजारावरची औषधं फुकट मिळायला २००४ मध्ये सुरुवात झाली, तीही सगळीकडे एकदम नाही. आज औषधं नियमित घेणारा माणूस पुष्कळ वर्षं चांगला जगतो. कादंबरीतली भीती त्या आधीच्या दिवसांची आहे, आणि ती खरी होती.

कविता महाजनांची ताकद अशी की त्या रचिताला बिचारी होऊ देत नाहीत. ती चिडते, चुकते, शरीराबद्दल आणि इच्छेबद्दल उघड बोलते. आपल्याकडे आजारी बाईला सोशिक दाखवायची जी सवय आहे ती इथे मोडून पडते. दोष सांगायचा तर माहितीचा भार. संस्थांचे कारभार आणि एकीमागून एक येणाऱ्या कहाण्या यांत रचिता मधे मधे हरवते, आणि कादंबरीकारावर कार्यकर्ती मात करते. मला ते खटकलं, पण त्यासाठी पुस्तक बाजूला ठेवावं असं कधी वाटलं नाही. ‘रिंगाण’ जितकी आवळलेली आहे तितकी ही सैल आहे. मात्र चारांपैकी सर्वांत जास्त चर्चा हिच्यावर होते. वाचनगटासाठी कुणी विचारलं तर मी डोळे झाकून ‘भिन्न’ सांगते. एकट्यानं, रात्री, मन आधीच खचलेलं असताना वाचायचं हे पुस्तक नव्हे. दवाखान्याच्या चकरा चालू असलेल्या घरातही ते आत्ता नको.

‘आयदान’ २००३चं. ऊर्मिला पवार रत्नागिरीकडच्या. आई बांबूच्या टोपल्या, सुपं विणून घर चालवायची. विकायला डोंगर तुडवत रत्नागिरीच्या बाजारात जाणाऱ्या बायांचं वर्णन पुस्तकात सुरुवातीलाच येतं आणि तिथेच आपण अडकतो. जात कोकणात कशी वागवली जायची, हे त्या लहान मुलीच्या नजरेनं, तिच्या भुकेसकट आणि खोड्यांसकट सांगतात. पुढे मुंबई, नोकरी, लेखन, चळवळ. मीनाक्षी मून यांच्यासोबत त्यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांवर ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे मोलाचं पुस्तक केलं, त्या कामाची पार्श्वभूमीही इथे कळते. आणि मग मुलाचा मृत्यू. आईनंही थोरला मुलगा गमावलेला, आई विणता विणता रडायची. लेकीला त्या रडण्याचा अर्थ स्वतःवर वेळ आल्यावर कळतो. एवढं मोठं दुःख त्यांनी आवाज न चढवता लिहिलं आहे. ‘भिन्न’ वाचताना दात-ओठ आवळले जातात. ‘आयदान’ वाचताना मधेच हसूही येतं, आणि म्हणूनच पुढचं जास्त लागतं. भाषा सोपी, पुस्तक आटोपशीर. घरातल्या मोठ्या माणसांना, विशेषतः फारसं न वाचणाऱ्या बायकांना द्यायला याच्याइतकं चांगलं पुस्तक मला दुसरं सुचत नाही.

मग कुणी काय घ्यावं? कॉलेजातल्या मुलाला किंवा मुलीला ‘फेसाटी’. जिल्ह्याबाहेर शिकायला गेलेल्यांना तर आवर्जून. वाचनाची बैठक असलेल्याला ‘रिंगाण’, दुसरा विचार न करता. मैत्रिणी मिळून वाचणार असाल तर ‘भिन्न’. आणि नुकतंच कुणी गेलं आहे, मन कशात लागत नाही, तरी खोटा धीर देणारं पुस्तक नको आहे, अशा माणसाला ‘आयदान’. मात्र त्या घरात मूल गेलं असेल तर पुस्तक देताना त्यात काय आहे ते आधी सांगा आणि घ्यायचं की नाही हे त्यांच्यावर सोडा.

दोन घ्यायची ऐपत आणि सवड असेल तर माझी जोडी ‘रिंगाण’ आणि ‘आयदान’. मधे महिनाभर जाऊ द्या. ‘फेसाटी’ वाचनालयात बघा. नसेल तर मागणी नोंदवा. आपल्या जिल्ह्यातल्या वाचनालयात ती असायलाच हवी, आणि मागणी आली की पुस्तक येतं, हा माझा अनुभव आहे.