पट्टीतलं आठाचं शून्य

आमची गुळाची अडत. शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) तीन प्रतींत निघते, म्हणून एपसनचा एलएक्स ३१०, पिना आपटून छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, अजून टेबलावर आहे. ऐन हंगामात छपाईत आडवी पांढरी रेघ येऊ लागली. नेमकी अक्षराच्या मधोमध, त्यामुळे इंग्रजी आठाचं शून्य दिसे. ३४८० चे ३४०० वाचून एक काका भडकलेच!

आधीच्या दुकानदाराने लांबूनच निदान केलं, 'हेड (छापणारा पिनांचा भाग) गेलं, नवा प्रिंटर घ्या.' मग मार्केट यार्डामागच्या या छोट्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. मालकांनी कॉम्प्युटर मागितलाच नाही. एलएफ/एफएफचं (कागद पुढे सरकवायचं) बटण दाबून धरत प्रिंटर चालू केला. त्याने स्वतःच चाचणीचा कागद काढला, आणि रेघ तिथेही होतीच. म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा नाही, केबलचाही नाही. हेड निवू दिलं (छापून झाल्यावर चटका बसतो हो), मग काढलं. नऊपैकी एक पिन रिबनच्या (शाईच्या फितीच्या) धाग्यांनी आणि वाळल्या शाईने अडकली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करताच सुटली.

खरी चूक आमचीच निघाली. विसविशीत होईस्तोवर एकच रिबन वापरायची, आणि तीन प्रतींचा जाड कागद असूनही जाडीचा खटका कायम पातळ कागदावर.

साडेतीनशे रुपये घेतले, रिबन वेगळी. बिल मागून मागून घ्यावं लागतं, फोन तर उचलतच नाहीत. तरी पुढचा प्रिंटर तिथेच नेणार.