लिनक्स लॅपटॉपची वीजबचत: पॉवर प्रोफाइल्स डीमन की टीएलपी?

पॉवर प्रोफाइल्स डीमन आणि टीएलपी ही दोन्ही लिनक्सवर वीज वाचवणारी साधनं. यांपैकी कोणतं घ्यायचं, हे लॅपटॉप कोणता आहे यापेक्षा तो कोण हाताळणार, यावर ठरतं.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या क्लासमध्ये एकाच लॅपटॉपवर दिवसभर वेगवेगळी मुलं बसणार असतील, तर पॉवर प्रोफाइल्स डीमन घ्या. ग्नोम किंवा केडीई या लिनक्सच्या डेस्कटॉपच्या मेनूत पॉवर सेव्हर, बॅलन्स्ड आणि परफॉर्मन्स एवढंच दिसतं. बदलायला सहसा पासवर्ड लागत नाही, आणि चुकीचं निवडलं तरी एका क्लिकमध्ये मागे येता येतं. परफॉर्मन्सचा पर्याय गायब असेल तर ड्रायव्हरचा आधार नसतो. पॅकेज पुन्हा टाकून उपयोग नाही. यातली खरी हुशारी मात्र मेनूत दिसत नाही. एखादा प्रोग्रॅम आपलं काम होईपर्यंत परफॉर्मन्स मोड धरून ठेवू शकतो. तो संपला किंवा क्रॅश झाला की मोड आपोआप सुटतो, आणि माणसानं हातानं मोड बदलला तर प्रोग्रॅमची मागणी रद्द होते. शेवटचा शब्द वापरणाऱ्याचाच राहतो, आणि तसाच राहायला हवा.

लॅपटॉप तुमच्या एकट्याचा असेल आणि दिवसभर चार्जरला असेल, तर टीएलपी. सेटिंग टीएलपी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये, रूट म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकारानं करायची. मोठा फायदा बॅटरी जास्त टिकावी म्हणून घालायच्या चार्जिंगच्या मर्यादेचा: ७५ टक्क्यांखाली गेल्यावर सुरू, ८० ला बंद. सगळ्या लॅपटॉपवर हे चालत नाही. आधी टर्मिनलमध्ये टीएलपी-स्टॅट -बी ही कमांड चालवून बघा. पण ८० टक्के म्हणजे लाईट गेल्यावर बॅकअपही तेवढाच कमी. वीज जाणार असल्याचं आधी कळलं तर सुडो टीएलपी फुलचार्ज (सुडो म्हणजे रूट अधिकारानं) ही कमांड दिली की त्या वेळेपुरतं १०० पर्यंत चार्ज होतं.

उद्यमनगरातल्या मशीनशॉपमध्ये एक धोका लक्षात ठेवा. टीएलपी रिकाम्या बसलेल्या यूएसबी उपकरणांना झोपवतं. माऊस, कीबोर्ड त्यातून वगळलेले असतात, पण सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या मशीनला) जोडलेली यूएसबी-सिरीयल केबल नसते; मग प्रोग्रॅम पाठवताना जोडणी तुटू शकते. एलएसयूएसबी या कमांडनं केबलचा आयडी काढून टीएलपी डॉट कॉन्फमधल्या यूएसबी डिनायलिस्टमध्ये, म्हणजे न झोपवायच्या उपकरणांच्या यादीत, टाका आणि सुडो टीएलपी स्टार्ट द्या.

दोन्ही एकत्र ठेवू नका. दोघंही प्रोसेसरच्या त्याच सेटिंगवर लिहितात आणि कुणाचं लागू झालं ते कळत नाही. टीएलपी निवडलंत तर सिस्टीमसीटीएल या कमांडनं पॉवर प्रोफाइल्स डीमनची सेवा नुसती थांबवू नका, मास्क करा, म्हणजे ती पुन्हा सुरूच होणार नाही.