नशा तपासायचं किट: दोन रेघा पाहून माझे पायच गळाले (५ पैकी २ तारे)

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात आशा सेविका आहे. गरोदरपणाच्या किती कार्डांवर लघवीचे थेंब टाकले असतील, त्याची मोजदाद नाही. त्यामुळे सहा पट्ट्यांचं हे किट मागवताना वाटलं, यात काय अवघड?

कारण आमचा धाकटा. दहावीत आहे. "नाल्याकडे गांजा ओढणाऱ्या पोट्ट्यायत तुमचा दिसला," असं कोणीतरी यांच्या कानावर घातलं. ३८० रुपयांना दोन पाकिटं. कुरिअर गावात येत नाही, तालुक्याला जाऊन आणलं.

पाच मिनिटांनी पाहते तर सहाही पट्ट्यांवर दोन-दोन रेघा! आमच्या निश्चय कार्डावर दोन रेघा म्हणजे दिवस गेले. इथं सगळं उलटं. दोन रेघा म्हणजे काही सापडलं नाही, एकच रेघ आली तर सापडलं. दुसरी रेघ फिकट असली तरी ती धरायची. हे सगळं इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. मला समजेस्तोवर यांनी पोराच्या कानाखाली वाजवली होती. "मले चोर समजता का तुमी?" एवढंच बोलला आणि दोन दिवस जेवला नाही. दोन तारे तिथंच गेले.

तिसरा तारा किट काय पकडत नाही त्यासाठी. तंबाखू नाही, सुपारी नाही, पोरं रुमालावर घेऊन हुंगतात ते पंक्चरचं सोल्यूशन नाही. उलट कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलं असेल तर अफूची पट्टी एकच रेघ दाखवू शकते. म्हणजे तसं आलं तरी लॅबमध्ये पक्कं करून घ्यावंच लागतं.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं, ठेच्यावरून. जो पोरगा भाकरीवर हिरव्या मिरचीचा ठेचा थापून खायचा, तो दिवाळीपासून "आई, झोंबते" म्हणून दूध-भाकर कुस्करून खात होता. मी म्हटलं, उष्णता असेल. धुवायच्या पॅन्टीत पन्नीचे तुकडे आणि रबर निघायचे, तेही फेकून द्यायची. सकाळी चिडचिड, रोज वीस-तीस रुपये कशाला ना कशाला हवेतच. आणि मी बाई गावभर तिशीवरच्यांचे फॉर्म भरत "तंबाखू खाता का जी?" विचारत फिरते!

ग्रामीण रुग्णालयात दातांच्या डॉक्टरांनी त्याला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. कारण खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू. सुपारीनं गालाची कातडी आतून ताठर होते, सोडलं तर पुढं वाढणं थांबू शकतं, पण झालेलं सगळं परत येत नाही, असं ते म्हणाले. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही हा कायदा २००३चा आहे. आमच्या शाळेच्या फाटकातून ठेल्यावर खर्रा घोटताना दिसतो.

रात्री १४४१६ वर फोन लावला, टेलि-मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा. फुकट आहे, तिथल्या बाई मराठीत बोलल्या. आधी माझंच रडणं ऐकून घेतलं, मग त्याच्याशी बोलल्या. त्याचे तारे द्यायची सोय इथं नाही.

उरलेले दोन तारे यासाठी की गांजाचा संशय तेवढा कमी झाला. पूर्ण फिटला नाही, कधीमधी ओढणाऱ्याचा गांजा काही दिवसांत लघवीतून जातो. दुसरं पाकीट फोडलेलं नाही. परत घेत नाहीत म्हणे.