‘ग्लोबल मर्सी’ जहाजावरची सेवा: एका नर्सचा अभिप्राय

आमच्या चर्चमधल्या नर्सिंग शिकणाऱ्या मुली हल्ली विचारतात, “मावशी, मिशनसेवेसाठी परदेशी जायचं तर कुठं जावं?” मी ‘मर्सी शिप्स’ या संस्थेच्या ‘ग्लोबल मर्सी’ या रुग्णालय-जहाजावर, पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनच्या फ्रीटाउन बंदरात, सर्जिकल वॉर्डात काम करून आले आहे. त्यामुळे त्याबद्दलच सविस्तर लिहिते. हातात कसब असेल आणि खर्चाची सोय होत असेल, तर जरूर जा, हे माझं मत आधीच सांगून टाकते.

मी नगरची. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये इथं आलं आणि तेव्हापासून आमच्या लोकांसाठी मिशनरी म्हणजे बाहेरून आलेला माणूस. माझी आजी मिशनच्या शाळेत शिकली, मी मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकले. आपल्यातलं कुणी तिकडं सेवेला जाईल, हे घरात कधी कुणाच्या बोलण्यात आलं नव्हतं. त्यामुळे कुठलीही मिशन मी घेणाऱ्याच्या बाजूनं पाहते. आलेला माणूस आमच्या आजीशी कसा बोलला असेल, ओसरीवर बसला असेल की उभ्यानंच बोलून गेला असेल, हे मला आधी दिसतं. आठ-दहा दिवस जाऊन शाळेची भिंत रंगवायची, मुलांना कडेवर घेऊन फोटो काढायचे आणि परत यायचं, असल्या सहली मला म्हणूनच पटत नाहीत. भिंत रंगवणारे त्या गावातही असतात आणि त्यांना कामाची गरज असते.

या जहाजाची गोष्ट वेगळी आहे. मर्सी शिप्स 1978 मध्ये डॉन आणि डेऑन स्टीफन्स या दाम्पत्यानं सुरू केली. डॉन यांना त्या कामाची प्रेरणा मिळाली त्यात कोलकात्यात मदर तेरेसांशी झालेल्या भेटीचा मोठा वाटा होता. ‘ग्लोबल मर्सी’ हे त्यांचं पहिलं असं जहाज, जे मुळात रुग्णालय म्हणूनच बांधलं गेलं. चीनमध्ये बांधून 2021 मध्ये ते संस्थेच्या ताब्यात आलं. लांबी 174 मीटर, सहा शस्त्रक्रियागृहं, सुमारे 200 खाटा. आधी ते सेनेगलमधल्या डाकारला होतं, ऑगस्ट 2023 मध्ये फ्रीटाउनला आलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2015 च्या आयोगानं जगातल्या 5 अब्ज लोकांना वेळेवर, सुरक्षित आणि परवडणारी शस्त्रक्रिया मिळत नाही असं म्हटलं होतं. तो आकडा मी प्रशिक्षणात ऐकला होता. त्याचा अर्थ वॉर्डात कळला.

अमेलोब्लास्टोमा ही जबड्याची गाठ कर्करोगाची नसते. आपल्याकडे अनेकदा ती लहान असतानाच दंतवैद्याला एक्स-रेमध्ये दिसते आणि काढली जाते. तिथं ती वर्षानुवर्षं वाढत राहते. तोंड भरून टाकते, जेवण बंद करते आणि शेवटी श्वासाची वाट अडवते. असा एक तरुण माझ्या वॉर्डात होता. चेहऱ्यावर रुमाल बांधूनच आला. गावात लोक त्याच्या शेजारी बसत नसत, हे दुभाष्यानं सांगितलं. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्या खाटेशी स्टूल ओढून बसले आणि आम्ही लुडो खेळलो. एरवी आमच्या दवाखान्यात एका पाळीत इतके रुग्ण असतात की माझं बोलणं “दुखतंय का, गोळी घेतली का” इथंच संपतं. जहाजावर एका नर्सकडे मोजके रुग्ण असतात आणि रुग्णाशेजारी बसणं हे काम म्हणूनच धरलं जातं. तो दोनदा जिंकला. रुमाल कधी बाजूला ठेवला हे त्याच्याही लक्षात आलं नाही.

माझ्यात काय बदललं असं विचाराल, तर ते या स्टुलापासून सुरू झालं. मी लहानपणापासून प्रार्थना करत आले, पण ती चर्चमध्ये, बाकावर, सगळ्यांबरोबर. एखाद्याच्या शेजारी बसून, “तुझ्यासाठी प्रार्थना करू का?” असं विचारायचं धाडस माझ्यात नव्हतं. तिथं विचारायला शिकले, आणि समोरचा नको म्हणाला तर तितक्याच मायेनं ड्रेसिंग करायलाही शिकले. सिएरा लिओनमध्ये बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत. शस्त्रक्रिया सगळ्यांसाठी मोफत, धर्म कोणताही असो. माझ्या वॉर्डातल्या एका मुलीची आजी पहाटे नमाज पढायची आणि रविवारी वॉर्डात उपासना झाली की टाळ्या वाजवून आमच्याबरोबर गायची. मी तिथं आमचं एक मराठी भजन म्हटलं. शब्द कुणालाच कळले नाहीत, पण ताल त्यांनी दुसऱ्या ओळीलाच पकडला.

पाय वाकलेली मुलं खूप येतात. हाड सरळ करून प्लास्टर घालतात, आणि आया खाटेखालच्या गादीवर झोपतात. रोज दुपारी मुलांना वरच्या डेकवर मोकळ्या हवेत नेतात. तिथं व्हीलचेअरच्या शर्यती लागतात. प्लास्टर निघालं की पाय कोमट पाण्यानं धुवायचे असतात, कारण आतली कातडी कोरडी पडून पापुद्रे सुटलेले असतात. प्रभू येशूनं शिष्यांचे पाय धुतले, हा बायबलमधला भाग मी दर वर्षी ईस्टरआधीच्या पवित्र सप्ताहात ऐकत आले. आता तो वाचला जातो तेव्हा माझ्या हाताला त्या पोरांच्या टाचा जाणवतात.

घेणाऱ्याच्या बाजूनं मला सर्वांत आवडलेल्या गोष्टी सांगते. वॉर्डात स्वतःच्या मोबाइलवर रुग्णाचे फोटो काढायला मनाई आहे. स्थानिक दुभाष्यांवर सगळा वॉर्ड चालतो. तिथल्या डॉक्टर-नर्सना प्रशिक्षण देणं हाही कामाचाच भाग आहे, कारण जहाज एक दिवस जाणार असतं. आणि रक्तपेढी म्हणजे खुद्द कर्मचारी. गट जुळला की स्वयंपाकघरातला माणूसही खाली येऊन रक्त देतो आणि परत कांदे चिरायला जातो.

आता व्यवहाराचं बोलू. इथं पगार नाही. विमानभाडं, विमा आणि व्हिसाचा खर्च आपलाच. मला चर्चच्या महिला मंडळानं मोठा हातभार लावला. पापड-शेवया विकून जमवलेले पैसे होते ते, आणि त्यातल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब मी परत आल्यावर मंडळापुढे मांडला. खोल्या लहान, थोड्या काळासाठी येणाऱ्यांना इतरांबरोबर एकाच केबिनमध्ये राहावं लागतं. एकांताशिवाय ज्यांना झोप लागत नाही त्यांनी हा विचार आधी करावा. जेवणाची आबाळ होत नाही, भात मिळतो. आपला तिखटपणा हवा असेल तर लसणाची चटणी सोबत न्या, माझी पहिल्या आठवड्यातच वाटून संपली. पहाऱ्यावरच्या नेपाळी गोरख्यांशी हिंदी बोलता येतं, त्याचा मला फार आधार वाटला. तिथल्या क्रिओ भाषेतलं “कुशे” (नमस्कार) आणि “आव दी बॉडी?” (कसे आहात?) एवढं आलं तरी बाजारात माणसं हसून जवळ येतात. ऑगस्टमधला तिथला पाऊस कोकणातल्यासारखा कोसळतो, चांगली छत्री घ्या.

नवऱ्याला आणि सासूबाईंना घर सांभाळायला सांगून जाणं सोपं नव्हतं. आमच्या मुलानं दहावीचं वर्ष असूनही “आई, तू जा” म्हटलं, म्हणून पाऊल उचललं.

डॉक्टर-नर्सच लागतात असं नाही. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, आचारी, शिक्षक यांनाही जागा असते, कारण जहाजावर कर्मचाऱ्यांच्या मुलांची शाळासुद्धा आहे. अर्ज इंग्रजीतून करायचा असतो आणि आपल्या चर्चच्या पाळकांची शिफारस हाताशी ठेवावी. नर्सनी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे ना, हे अर्जाआधी बघावं. पिवळ्या तापाची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि तिचं पिवळं कार्ड पासपोर्टबरोबरच ठेवा. भारतात परत उतरतानाही ते दाखवावं लागतं. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधी विचारा. कुणाला अर्ज भरताना अडलं, तर रविवारच्या उपासनेनंतर मी चर्चमध्येच असते.