शहरातले शिकारी पक्षी पाहण्यासाठी ८×४२ची दुर्बीण

शिकारी पक्ष्यांसाठी दुर्बीण घ्यायची ठरली की बहुतेकांची नजर आधी मोठ्या आकड्याकडे जाते. घार किंवा ससाणा उंच आणि दूर असतो, म्हणून दहा-बारा पट मोठे दाखवणारी दुर्बीणच हवी, असे वाटणे स्वाभाविक आहे. शहरात आणि बागांच्या आसपास हे पक्षी पाहण्यासाठी मी मात्र ८×४२ मापाची (म्हणजे आठपट मोठे दाखवणारी, पुढच्या भिंगांचा व्यास ४२ मिलिमीटर असलेली), रूफ प्रिझम (सरळ, सडपातळ नळ्यांची रचना) असलेली जलरोधक दुर्बीण दीर्घकाळ वापरत आलो आहे आणि या कामाला हेच माप सर्वांत योग्य आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

याचे कारण शहराच्या रचनेत आहे. मोकळ्या माळावर पक्षी लांबून येताना दिसतो आणि बराच वेळ नजरेत राहतो; शहरात तो एका इमारतीच्या कडेने निघतो आणि काही क्षणांत दुसरीच्या मागे नाहीसा होतो. शिक्रा तर झाडांच्या शेंड्यांखालून, चार-सहा वेळा भराभर पंख मारत आणि मग थोडा तरंगत, इतक्या चपळाईने जातो की दुर्बीण डोळ्यांना लावेपर्यंत निम्मी संधी संपलेली असते. अशा वेळी पक्षी किती मोठा दिसतो यापेक्षा तो मुळात सापडतो की नाही, हे महत्त्वाचे ठरते. माझ्या दुर्बिणीतून हजार मीटर अंतरावर सुमारे १४० मीटर रुंदीचे दृश्य दिसते. दहापट दुर्बिणींत ते साधारणपणे ११० ते १२० मीटरच असते. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण पारव्यांच्या थव्यामागे लागलेला बहिरी ससाणा नजरेतून निसटू न देण्यात तो निर्णायक असतो, कारण सूर मारताना हा पक्षी ताशी ३०० किलोमीटरहून अधिक वेग गाठू शकतो. शिवाय मोठेपणाबरोबर हाताचा कंपही मोठा होतो, आणि मान वर करून पाहताना कोपरांना आधार नसल्यामुळे तो अधिकच जाणवतो.

उजेडाचा हिशेबही आठपटीच्याच बाजूने आहे. ४२ मिलिमीटरच्या भिंगाला आठाने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी ५.२५ मिलिमीटर येते, दहाने भागल्यास ४.२. भर दुपारी याने काही बिघडत नाही. बहिरी ससाणे मात्र उंच इमारतींचा उपयोग कड्यांसारखा करतात आणि पहाटे किंवा तिन्हीसांजेला तेथूनच शिकारीला निघतात. त्या अंधूक वेळी हा फरक स्पष्ट कळतो.

दुर्बिणीची खरी परीक्षा उजळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर होते. तेथे पक्ष्याचे रंग जवळजवळ पुसले जातात आणि ओळख आकृतीवरच पटवावी लागते: ससाण्याचे टोकदार पंख, शिक्र्याचे आखूड गोलसर पंख आणि लांब शेपूट, घारीची मध्ये खाच असलेली शेपटी. ही खाच घारीने शेपटी पूर्ण पसरली की दिसेनाशी होते, म्हणून घार एकदा वळण घेईपर्यंत घाई करू नये. साध्या काचेच्या भिंगातून अशा काळ्या आकृतीभोवती जांभळी-हिरवी कड येते आणि पंखांच्या टोकांची बोटांसारखी पिसे धूसर होतात. माझ्या दुर्बिणीत ईडी काच (प्रकाशातले रंग कमी फाकवणारी खास काच) असल्याने मध्यभागी ही कड फारशी जाणवत नाही, कडेकडे मात्र दिसते. जास्तीचा खर्च करायचाच असेल, तर तो मोठ्या आकड्यावर न करता या काचेवर करावा.

दोष आहेतच, आणि त्यांतला एक गंभीर आहे. फोकसचे चाक फार संथ आहे. जवळच्या खांबावर बसलेली कापशी (एक छोटी पांढुरकी घार) उडून मैदानावर एका जागी फडफडत थांबली, तर चाक फिरवता फिरवता ती खाली झेपावलेलीही असते. उजव्या डोळ्याची जुळणी करणारे कडे सैल असून पिशवीत आपोआप फिरते, त्यामुळे प्रत्येक वेळी ते तपासावे लागते. विकत घेताना ही दोन्ही चाके दुकानातच फिरवून पाहावीत.

सूर्योदयानंतर दोन-तीन तासांनी जमीन आणि काँक्रीट तापून हवेचे ऊर्ध्वगामी प्रवाह तयार होऊ लागतात आणि घारी त्यांवर गिरक्या घेत चढतात. पाहण्याची ही उत्तम वेळ आहे, पण गिरकीच्या मागे जाता जाता दुर्बीण सूर्यावर जाण्याचा धोकाही याच वेळी असतो. सूर्यावर रोखलेली दुर्बीण डोळ्याला कायमची इजा करू शकते, म्हणून इमारतीच्या किंवा झाडाच्या सावलीत उभे राहून सूर्य आडोशाला ठेवणे आवश्यक आहे. घरटे असलेल्या झाडाजवळ जाण्याचीही गरज नसते; आठपट मोठेपणा तेवढ्यासाठी पुरेसा आहे आणि पक्षी अस्वस्थ होऊन ओरडू लागला, तर आपण आधीच जास्त जवळ आलेलो असतो.

सुमारे ७०० ग्रॅम वजन सोबतच्या अरुंद पट्ट्यामुळे मानेला लवकर जड होते. तो काढून खांद्यांवरून जाणारा हार्नेस लावावा. स्टँडवर दुर्बीण ठेवून एकाच दूरच्या मनोऱ्यावरचे घरटे पाहायचे असेल, तेवढ्यापुरते मात्र दहापट माप सरस आहे.